प्रोजेक्टाइल शिकवताना

दरवर्षी अकरावीला प्रोजेक्टाइल मोशन सुरू झालं की माझ्या छातीत धडकी भरते. पोरं चिडतात, रडतात, घरी फोन लावतात. कसंबसं ते पार पडतं, आणि माझ्याकडं दोन-तीन किस्से जास्तीचे उरतात!

सुरुवात नांदेडच्या कॉलेजात झाली. पहिलाच तास. तिरकी फेकलेली वस्तू कशी वळत खाली येते, ते दाखवायला मी खडू भिरकावला. तो दारातून बाहेर, थेट व्हरांड्यात उभ्या प्राचार्यांच्या चहात! सरांनी कपात पाहिलं. "मॅडम, पॅराबोला झकास. चहा मात्र दुसरा सांगा!"

हुश्श. नोकरी वाचली.

मग लातूरला क्लासवर आले. गणितात लिहिलेलं असतं, 'हवेचा विरोध धरू नका.' मी विचारलं, का बरं?

बिलोलीचा माधव उठला. "मॅडम, आमच्याकडं मे महिन्यात हवाच नसती!"

एकदा गणितात उंच इमारतीवरून चेंडू वर फेकला होता. खाली कधी पडेल? उत्तरं दोन निघाली, पाच सेकंद आणि उणे दोन. निलंग्याच्या श्रुतीनं उत्तर म्हणून उणे दोन ठेवलं.

"अगं, फेकायच्या आधीच पडला?"

"चेंडू हाय मॅडम, निलंग्याची एसटी थोडीच हाय उशिरा यायला!"

आणि गेल्या वर्षीची वैष्णवी. किल्लारीची, हुशार. पण प्रोजेक्टाइलच्या दोन्ही टेस्टला भोपळा. तिनं घरी फोन केला, "बा, मला न्यायला ये." वडील शेतमजूर. सकाळीच आले, होस्टेलवरून तिची बॅग उचलून वर्गाच्या दारात उभे.

मी म्हणाले, "दहा मिनिटं बसा." फळ्यावर गणित होतं, दगड कोणत्या कोनात फेकला तर सगळ्यात लांब जाईल? वैष्णवीची मान खाली.

वडिलांनी मला विचारून घेतलं, फळ्यावर काय लिहिलंय. मग लेकीला म्हणाले, "ह्याच्यापायी रडायलीस व्हय? गोफणीनं पाखरं हाकलतीस की! लांबच्या पाखराला दगड कसा सोडतीस?"

तिचा हात आपसूक वर गेला. ना आडवा, ना उभा, बरोबर मधे. ती स्वतःच्याच हाताकडं बघत राहिली. मग उठली, खडू घेतला आणि पंचेचाळीस अंश सिद्ध करून दाखवले. पुढची तीन गणितंही सोडवली.

तास सुटला. वडिलांनी बॅग खांद्यावर टाकली आणि चालू लागले.

"बा, स्टँड तिकडं हाय!"

"हाव. पन तुझं होस्टेल हिकडं हाय ना?"