सात नंबरचं दार

पडेगावचा संघपाल वीस वर्षं वेल्डिंग करत होता. त्याच्या कारखान्यात समुद्रकाठच्या एका शहरासाठी लोखंडी दारं बनली. वादळात समुद्र नाल्यांतून वस्तीत घुसतो, तेव्हा ती खाली सोडून पाणी अडवायचं. बारांपैकी नऊ दारं संघपालच्या हातची. बसवायला मात्र मालकांनी राजेंद्रला धाडलं. राजेंद्र संघपालच्या बायकोचा भाऊ. त्याला हे काम शिकवलं संघपालनंच.

“त्याला चार माणसांत बोलता येतं,” मालक म्हणाले. ते संघपालला झोंबलं. घरी बायको निशा भावानं पाठवलेले समुद्राचे फोटो कौतुकानं दाखवायची, की हा ताटावरून उठायचा. त्यानं समुद्र पाहिलाच नव्हता.

मे महिन्यात वादळ किनाऱ्याकडं निघालं. दुपारी डबा खाताना राजेंद्रचा फोन आला. संघपालनं दोनदा वाजू दिला, तिसऱ्यांदा उचलला.

“दाजी, सात नंबरचं दार दोन फुटांवर अडकलंय. भरतीला दोन तास राहिले. मागं कोळ्यांची घरं हायेत.”

संघपालनं डबा बाजूला सारला. ट्रकमध्ये त्या दाराची चौकट वाकू नये म्हणून त्यानंच, दार ज्या खाचेतून सरकतं तिच्यात, तळाशी दोन फूट उंचीची आधाराची पट्टी जोडली होती. बसवल्यावर ती कापायची, एवढंच राजेंद्रला सांगायचं होतं. ट्रक भरताना तो मुद्दाम चहाला निघून गेला होता.

“डाव्या खाचेत, तळाला पट्टी हाय. काप ती.”

ग्राइंडरचा आवाज तो कानाला फोन लावून ऐकत राहिला. दार बसलं. त्या दिवशी समुद्र दाराशीच थांबला.

पेपरात राजेंद्रचा फोटो आला. परतल्यावर तो ज्याला त्याला सांगे, की दाजी नसते तर वस्ती बुडाली असती. ते ऐकवेना, तेव्हा एका दुपारी संघपालनं त्याला बाजूला घेतलं.

“पट्टीचं मला ठावं होतं. तू जाताना सांगितलं नाय.”

“राहून गेलं असंल.”

“राहून गेलं नाय. जळत होतो तुझ्यावर.”

राजेंद्र तिथून निघून गेला. तीन महिने त्यानं बहिणीच्या घरी पाऊल टाकलं नाही.

पुढं दुसऱ्या शहराचं काम निघालं आणि मालकांनी पुन्हा राजेंद्रलाच निवडलं. संघपालनं प्रत्येक चौकटीवर पांढऱ्या रंगानं ठळक लिहिलं: इथं कापा. ट्रक सुटेपर्यंत तो फाटकात उभा राहिला, आणि राजेंद्र पुढच्या सीटवर चढला तेव्हा संघपाल पहिल्यासारखाच जळला.