ताकातल्या मिरच्या आणि तिसरी गळती

"त्या रघूला आजच्या आज काढा!" साहेब कडाडले.

धुळ्याजवळच्या आमच्या तेल डेपोत एकच पाइप एकाच जॉइंटपाशी तिसऱ्यांदा गळत होता. वेल्डिंग रघुभाऊंचं. त्यांचं वेल्डरचं कार्ड रद्द करायचं पत्र टाइप झालेलं, पाइपिंग इंजिनिअर म्हणून माझी सही तेवढी बाकी. कार्ड गेलं की माणूस घरी.

"साहेब, मन्हा जॉइंट पक्का शे," रघुभाऊ मला एवढंच म्हणाले. मला फार वाईट वाटलं. मी सही टाळली, गळका तुकडा कापून लॅबला पाठवला आणि तिथे तात्पुरता जोड बसवला.

पाइप स्टेनलेस स्टीलचा. घट्ट तेल पातळ राहावं म्हणून त्यातून गरम पाणी फिरतं. लॅबने कळवलं, तडा बाहेरून आत गेलाय, फांद्या फुटल्यासारखा. याला स्ट्रेस कोरोजन क्रॅकिंग म्हणतात. वेल्डिंग केलं की स्टीलमध्ये थोडा ताण राहतोच. त्यात उष्णता आणि वरून मीठ मिळालं, की न गंजणारं स्टीलही चिरतं.

"मीठ? धुळ्यात समुद्र कधी आला हो?" साहेबांनी विचारलं.

आम्ही दोघं बॉयलर रूममध्ये गेलो. जॉइंट नजरेसमोर राहावा म्हणून तेवढा पाइप वरचं इन्सुलेशनचं आवरण न घालता उघडाच ठेवला होता. त्यावर पांढरं काहीतरी वाळलेलं. मी बोट फिरवलं आणि चाटलं. असं कोणी करू नये, मी केलं.

"अहो, काय करताय!"

खारट. थोडं आंबट. आणि हाय रे देवा, चव ओळखीची!

तेवढ्यात आमचे बॉयलर ऑपरेटर नाना आले. हातात मिरच्या बांधलेलं फडकं, त्यातून ताक ठिबकतंय. ताक-मिठात रात्रभर मुरवलेल्या मिरच्या सकाळी वाळत घालायच्या, संध्याकाळी परत ताकात. पण पावसाळ्यात ऊन कुठलं? नानांनी ऊन शोधलं होतं, आमच्या जॉइंटवर.

"नाना, हे कधीपासून?"

"पहिल्या गळतीच्या आधीपासून. पण मीठ नंतर वाढवलं. तुम्हीच म्हणाले ना, जरा अळणी लागतात म्हणून!"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. काय सांगणार कपाळ! दर गळतीच्या तपासाला आलो की नानांच्या डब्यातल्या खिचडीबरोबर मी त्याच मिरच्या तळून खात होतो.

साहेबांनी पत्र फाडलं. रघुभाऊ मात्र नवीन जॉइंटला हात लावेनात.

"पहिले बठ्ठासमोर सांगा."

सगळी शिफ्ट जमली. मी घसा साफ करून म्हणालो, "रघुभाऊंचं वेल्डिंग पक्कं होतं. मीठ नानांचं होतं. ते वाढवायला मी सांगितलं होतं."

रघुभाऊंनी तोंडापुढे वेल्डिंगची काच ओढली. "आते सरका, काम करू द्या."

त्या जॉइंटवर आता इन्सुलेशन आहे आणि गळती नाही. तपास चालू असताना साइटवर मी कोणाच्या डब्यातलं खात नाही, फक्त पाणी पितो.