अर्बाबांनी न घेतलेलं पिस्तूल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला तर मुळीच नाही — कारण तिला मस्कतला आणता आलं ते याच प्रसंगामुळे.

आमचे अर्बाब, म्हणजे मालक, सालेम. मस्कतच्या घाला भागात त्यांचं पाण्याच्या पंपांचं दुकान, लांब खाबुऱ्या गावी लिंबांची बाग. मी लांज्याच्या शाळेत शिकलेला, घरातला पहिला पदवीधर, म्हणून दुकानात मला 'मास्तर' म्हणत. नोकरी, राहायला खोली, चारचौघांत मान — सगळं मला या माणसानं दिलं. मन मोठं. पण राग? राग आला की हातात असेल ते भिरकावणार. एकदा स्टेपलर माझ्यावर आला. डाव्या भुवईवर व्रण अजून आहे. दवाखान्यात तेच घेऊन गेले, आणि नंतर कितीतरी दिवस माझ्याकडे सरळ बघत नव्हते.

पुढे बागेवर एकट्यानं राहायचं म्हणून त्यांनी पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज करायचं ठरवलं. दिशदाशाच्या, म्हणजे त्यांच्या पायघोळ अंगरख्याच्या आत, कुणाला दिसणार नाही असं बाळगायचं. कागद मी गोळा केले. सहीसाठी केबिनमध्ये गेलो, तर त्यांनी समोर बसवलं, कहवा ओतला आणि तोडक्या हिंदीत विचारलं, "मी रागीट आहे? खरं सांग. मग सही करतो."

कुठला मालक नोकराला असं विचारतो?

त्याच टेबलावर माझ्या फॅमिली व्हिसाचेही कागद होते. लग्न झालेलं, बायको लांज्यात. मी म्हणालो, "नाही अर्बाब. तुमच्याइतका शांत माणूस मी पाहिला नाही."

त्यांनी माझ्या भुवईकडे बोट केलं. "आणि हे?"

"जिन्यावरून पडलो होतो."

त्यांच्याच हातची जखम — आणि हे मी त्यांनाच सांगत होतो!

त्यांनी पेल्यातला कहवा संपवला. मग हळू म्हणाले, "माझे हात मोकळे आहेत, तरी तुला खोटं बोलावं लागतं. या हातात पिस्तूल आलं तर माझ्याशी खरं कोण बोलेल?" रिकामा पेला त्यांनी हलवला — इथली माणसं 'पुरे' म्हणताना हलवतात तसा. "खलास." परवान्याचे कागद खणात गेले. माझे पुढे ओढून त्यांनी सही केली.

असा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

आणि मी? अर्बाबांनी बेत सोडल्याचं कळताच आमच्या ड्रायव्हरनं, दाभोळच्या हसनभाईनं, गोष्ट आपली आपणच जुळवली. "मास्तर, तोंडावर सांगितलंस ना त्यांना? वाघाच्या तोंडात हात घातलास की रे!" मी हसलो. नुसता हसलो. गोष्ट दुकानभर झाली, लांज्याला पोचली, बायको आली तीही ती ऐकूनच. एकदा हसनभाईनं ती चक्क अर्बाबांसमोर सांगितली. अर्बाबांनी माझ्या भुवईकडे पाहिलं, हातातला पेला हलवला आणि विषय बदलला. माझं खोटं झाकलं त्यांनी. त्या दिवसापासून त्यांनी एकही वस्तू फेकलेली मी पाहिली नाही.

गेल्या आठवड्यात माझी मुलगी शाळेतून आली. तिचं मराठी अडखळतं. "बाबा, अर्बाबला खरं सांगताना तुम्हाला... भीती नाही वाटला?"

"नाही," मी म्हणालो.

तिनं माझ्या भुवईवर बोट ठेवलं. "आणि हे कसं झालं?"

"जिन्यावरून पडलो होतो."