पहिल्या क्रमांकाच्या सिनेमातली बायको

मंडळी, सकाळी ग्रुपवर टाकलेल्या माझ्या क्रमवारीवरचं भांडण जरा थांबवा. आपल्या लाडक्या हॉलिवूडवाल्या दिग्दर्शकाचे पाच उत्तम सिनेमे मी छातीठोकपणे लावले होते. आता माझंच चित्त थाऱ्यावर नाही.

दादा ट्रक घेऊन आसामला गेलाय आणि परवापासून त्याचा फोन लागत नाहीये. वहिनींचा जीव जरा रमेल म्हणून दुपारी त्यांना तो पहिल्या क्रमांकाचा सिनेमा दाखवला.

सुरुवातीलाच नायक लढाईवर निघतो, बायको दारात उभी राहते. पुढे सगळ्या तोफा आणि धूर. मी मध्ये मध्ये कॅमेरा कसा फिरलाय ते समजावत होतो.

सिनेमा संपल्यावर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ती दारातली बाई परत दिसलीच न्हाई. तिला कुणी काय कळवलं का न्हाई?"

इतक्यांदा पाहिलाय हा सिनेमा, तरी मी तो पुन्हा मागे-पुढे करून तिला शोधू लागलो.

दादाचा फोन अजून लागत नाही. इकडे आमच्या वरवे गावात हायवेवर ट्रकचा हॉर्न वाजला की वहिनी दारात येतात.

पहिला क्रमांक तुम्ही कुणालाही द्या. फक्त एवढं सांगा, ती बाई दारातून आत गेलेली कुणी पाहिलीय का?