साखर उतरली, सिस्टर!

दुपारी आम्ही दोघी-तिघी डबे उघडून बसलो, की एकीनं ‘अगो, आज काय झालं ऐक’ म्हणायचा अवकाश, दुसरीकडे त्याहून भयंकर किस्सा तयारच असतो. मी गोव्यातल्या पेडण्याची. डिचोलीकडच्या एका हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ आहे. हॉस्पिटलचं नाव विचारू नका, नोकरी टिकवायची आहे!

माझे किस्से सगळे एकाच जातीचे: डायबेटिसच्या पेशंटची साखर एकदम उतरते तेव्हा वॉर्डात काय चालतं. साखर वाढली तर माणूस वर्षानुवर्षं झिजतो. उतरली तर समोरचा चहा निवायच्या आत हातचा जातो. हे म्हणे नर्सिंगच्या पहिल्याच वर्षी शिकवतात. मग वॉर्डात येईपर्यंत कुठे सांडतं, देव जाणे.

*

मये गावच्या एक काकी होत्या. सकाळी राउंडला गेले तर घामानं डबडबलेल्या, हात थरथरताहेत. "बाय, माका घुंवता गो," म्हणाल्या, म्हणजे गरगरतंय. तपासली तर साखर पार तळाला! मी ओरडले, "सिस्टर, साखर उतरलीय, काहीतरी गोड आणा!"

सिस्टर धावत गेली आणि धावतच आली. हातात बिनसाखरेचा कोरा चहा आणि शुगर-फ्री बिस्किटं.

"अहो, साखर घाला त्यात!"

"डायबेटिसवाल्यांना साखर? मॅडम, भिंतीवर ‘साखर बंद’चा बोर्ड तुम्हीच लावलाय ना!"

काकींच्या पिशवीत पेढ्याचा प्रसाद होता म्हणून निभावलं.

*

नार्व्याचे एक आजोबा, शेतकरी माणूस. श्रावणी सोमवार होता. त्यांनी सकाळीच सांगून ठेवलं, "सिस्टर, आज माजो सोमार. माका कांयच नाका."

सिस्टरनं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि इन्सुलिन टोचलं. मी विचारलं, "उपाशी माणसाला इन्सुलिन दिलंत?"

"उपवास त्यांचा आहे, मॅडम. इंजेक्शन डॉक्टरांचं आहे!"

डॉक्टरांना एक फोन करायचा, एवढंच काम होतं. तो झाला नाही. थोड्या वेळानं आजोबा त्याच सिस्टरला आपली बायको समजून सांगू लागले, "गो, बैल सोड, ऊन झाला." सगळा वॉर्ड हसला. सिस्टरही पदर असल्यासारखी लाजली! बायको वारलेल्या माणसाला ती समोर दिसायला लागली, तर आधी बोटातून थेंबभर रक्त काढून साखर बघायची, की लाजायचं? मी कुलेरीनं, म्हणजे चमच्यानं, साखरपाणी पाजलं तेव्हा आजोबा भानावर आले आणि उपवास मोडला म्हणून रडले. देवाची माफी त्यांनी मागितली. खरं तर ती मागायला हवी होती दुसऱ्या कुणीतरी.

*

साखर मोजायच्या मशीनचा किस्सा तर आमच्याकडे प्रसिद्ध आहे. एका पेशंटची साखर मोजली तर आकडाच येईना, मशीन नुसतं ‘लो’ दाखवतंय. सिस्टर म्हणाली, मशीन बिघडलं. दुसरी पट्टी लावली. दुसरं बोट टोचलं. बॅटरी बदलली. शेजारच्या वॉर्डातून दुसरं मशीन मागवलं, तेही ‘लो’! "दोन्ही मशीनं एकदमच कशी बिघडली?" म्हणून सगळ्याजणी अचंबा करत उभ्या. पेशंट तिकडे डोळे फिरवतोय!

डॉक्टर धावत आले. ग्लुकोजचं इंजेक्शन देता देता ओरडले, "मशीनला काहीही झालेलं नाही! झालंय ते पेशंटला!"

*

आणि ते ग्लुकोज तरी हाताशी असावं ना? एकदा ते कपाटात होतं आणि कपाटाला कुलूप. चावी इनचार्ज सिस्टरकडे आणि इनचार्ज सिस्टर सावंतवाडीला, भाचीच्या साखरपुड्याला! डॉक्टर म्हणाले, तोडा कुलूप.

"लेखी ऑर्डर द्या, डॉक्टर. मागाहून जबाबदारी आमच्यावर येते!"

डॉक्टरांनी टेबलावरचं कागदाला भोकं पाडायचं जड पंचिंग मशीन उचलून स्वतःच कुलूप फोडलं. दुसऱ्या दिवशी कपाटाला नवीन कुलूप आलं. पहिल्यापेक्षा मोठं!

एका सिस्टरच्या गळ्यात अख्खा वॉर्ड असतो, हे मला दिसत नाही असं नाही. पण कुलूप बदलायला त्यांना वेळ मिळतो, मग पेशंटला जेवलात का विचारायला का मिळू नये? संताप येतो हो!

*

सगळ्यांत वरचा किस्सा बाबलचा. हा सुर्ल्याला खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर, मूळ सिंधुदुर्गातला. आमच्याच वॉर्डात दाखल; शहाणा, सांगितलेलं सगळं ऐकणारा. साखर ताब्यात राहिली तरच पुन्हा स्टिअरिंग धरता येईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं आणि घर त्या स्टिअरिंगवर चालत होतं.

हॉस्पिटलात डायबेटिसवर जनजागृतीचा कार्यक्रम ठरला. आदर्श पेशंट म्हणून बाबलचा सत्कार. सकाळी सिस्टरनं त्याला इन्सुलिन दिलं, अगदी वेळेवर. मग नवीन शर्ट घालून पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. नाश्टा? तो कार्यक्रमानंतर, सगळ्यांबरोबर. कार्यक्रम प्रमुख पाहुणे आल्यावर. आणि पाहुण्यांचा पत्ता नाही!

मी किचनमधून हॉलमध्ये पोचले तेव्हा वेळ काढण्यासाठी सत्कार उरकून घेत होते. बाबल थरथरत होता. "थंडी वाजतेय वाटतं," म्हणत सिस्टरनं शाल नीट लपेटली. टाळ्या! कपाळावर घामाचे थेंब आणि अंगावर शाल. मी गर्दीतून वाट काढतेय तोवर त्याच्या हातात माईक दिला, "आमच्या सेवेबद्दल दोन शब्द बोला."

बाबल माईककडे बघत राहिला. मग म्हणाला, "नाश्टो कधी गावतलो?"

हॉल खदाखदा हसला. पुन्हा टाळ्या! त्याच्या हातातला माईक खाली पडला आणि तो खुर्चीतच कलंडला.

स्टेजवर पाहुण्यांसाठी गोड कोकम सरबताचा कोप, म्हणजे ग्लास, झाकून ठेवला होता. मी तो उचलला तर सिस्टरनं माझा हात धरला, "मॅडम, ते प्रमुख पाहुण्यांचं!"

मी हात झटकला. बाबल अजून गिळत होता, म्हणून बरं. घोट घोट करून अख्खा कोप पाजला. हळूहळू त्याचं थरथरणं थांबलं. त्यानं डोळे उघडले, शाल सावरली, नीट बसला आणि हळूच मला विचारलं,

"मॅडम, पावणे इले?"