मोत्यासारखे दात

थोरलीने केलेली कवळी नवऱ्याच्या तोंडात बसली की दात खोटे आहेत हे बायकोलासुद्धा कळू नये, अशी तिची ख्याती होती. निदान तिच्या मते. सासऱ्यांनी काढलेल्या छोट्या कारखान्यात मेणात दात रोवायचे, घासायचे, रंगवायचे, सगळं तीच करायची. धाकटी जाऊ कॉम्प्युटरपुढे बसून दातांच्या डॉक्टरांशी गोड गोड बोलायची. राबायचं हिने, आभार तिचे! धाकटीने स्वतःचे सोडून कुणाचे दात कधी घासले नव्हते. थोरलीचा नुसता जळफळाट व्हायचा.

एका दुपारी धाकटी जेवायला गेली आणि थोरली मुद्दाम तिच्या खुर्चीत जाऊन बसली. तेवढ्यात मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या नावाने मेल आला. "गेल्या आठवड्यात आपण पाठवलेले मोत्यासारखे शुभ्र दात पाहून आम्ही थक्क झालो. हे कसब कुणाचे? कारागिराचे नाव प्रदर्शनात लावायचे आहे. आजच खालच्या लिंकवर आपला पासवर्ड भरून नाव कळवावे."

अखेर! आता बसू दे धाकटीला बोटं मोडत. थोरलीने पासवर्ड अर्धा भरलाही, आणि कौतुक पुन्हा एकदा चाखावं म्हणून वर पाहिलं.

शुभ्र?

त्या दवाखान्यात गेल्या आठवड्यात एकच कवळी गेली होती. म्हातारा हटून बसला होता, "माझे होते तस्सेच हवेत!" म्हणून तिने दात चहाच्या रंगाचे केले होते, एक सुळा वाकडा लावला होता. सगळं कसब त्यातच तर होतं. त्याला मोती म्हणणारा डॉक्टर आंधळाच असला पाहिजे. तिने झटकन बोट उचललं.

"ताई, हात काढा!" धाकटी दारातूनच ओरडली.

"काढलाय. ओरडू नकोस."

"नाव डॉक्टरांचं, पण पत्ता बघा, भलताच. आणि पासवर्ड कुठला डॉक्टर मागतो? भरला असतात तर सगळ्या पेशंटांची माहिती चोरांच्या हातात, वर आपल्या नावाने डॉक्टरांना असलेच मेल. 'आजच करा' म्हणून घाई करतात ना, तिथेच ओळखायचं. मला तर असली स्तुती रोज येते. मी पुसून टाकते."

"रोज?"

फसले असते तरी एक वेळ चाललं असतं, पण हे? चोरसुद्धा आधी हिलाच लोणी लावून गेले होते! आणि ही महाराणी ते पुसून टाकते!

धाकटीने खात्रीसाठी डॉक्टरांना फोन लावला. मेलमधल्या नंबरावर नव्हे, नेहमीच्या. मेल त्यांचा नव्हताच. मग ती जरा वेळ नुसतं "हो, हो" करत राहिली.

"डॉक्टर म्हणतायत, त्या आजोबांची खालची कवळी डावीकडे टोचते. कुणी केलीय, विचारतायत." आणि फोनमध्ये म्हणाली, "आमच्या ताईंनी. त्यांच्याशीच बोला."

कौतुक स्वतः पुसायचं आणि तक्रार तेवढी माझ्या गळ्यात! थोरली मनात धुमसली. पण फोन मात्र तिने धाकटीच्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतला.