देवीच्या बनातलं गवत

"तण म्हणायचं न्हाई," मावशी म्हणायची आणि हातातला विळा समोरच्याच्या नाकापासून वीतभर लांब धरायची. मारायला नव्हे. वर्गात आम्ही फळ्याकडे पट्टी रोखतो ना, तसा. पण समोरचा माणूस दोन पावलं मागे सरायचाच. पुजारी सरले होते, ग्रामसेवक सरले होते, गावात नवी आलेली मीही सरले होते.

आखाडा बाळापूरपासून जवळच्या एका खेड्यात मी विज्ञान शिकवायला गेले, तेव्हा तिच्या घराला लागून असलेली खोली भाड्यानं घेतली. ती पासष्टीच्या पुढची, काटक, घरात एक म्हैस आणि एक मुलगा, आणि आवाज असा की आमच्या शाळेची घंटा चुकली तरी चालावं. तुमच्याही शेजारी अशी एखादी बाई असेल. आपण तिला टाळत असतो आणि संध्याकाळी तिच्याच ओट्यावर जाऊन बसतो.

गावाबाहेर ओढ्याकाठी देवीचं बन आहे. करंज, जांभूळ, धावडा, चिंच, सगळी जुनी झाडं. त्यांच्या दाट सावलीत एक बुटकं गवत उगवायचं. वेळूच्या पानासारखी पण बोटाएवढीच पानं, काठाला चुण्या पडलेली. ते उभं वाढण्यापेक्षा जमिनीवर सरपटत जायचं आणि पेऱ्यापेऱ्याला मुळं सोडायचं. बनाबाहेरच्या माळावर त्याची एक काडी सापडायची नाही. तिथं उन्हात उंच कुसळी गवताचं राज्य.

"उन्हात त्याला कोनी जगू देत न्हाई," मावशी सांगायची. "आन् सावलीत दुसऱ्या कोनाला जगता येत न्हाई. म्हनून हितं ते हाये."

सावलीतल्या वनस्पती हा धडा मी अर्धा तास खडू झिजवून शिकवत असे. तिनं तो दोन वाक्यांत संपवला.

म्हशीसाठी ती तिथलं गवत कापायची, पण बी गळून गेल्यावरच, आणि तेही एका वर्षी एक बाजू, दुसऱ्या वर्षी दुसरी. ओल असेपर्यंत गवत हिरवं राहायचं. त्या हिरव्यात तपकिरी रंगाची फुलपाखरं बसलेली असायची, पाऊल पडलं की वाळल्या पानासारखी उडायची. त्यांच्या अळ्या याच गवतावर वाढतात हे मी तिला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ती म्हणाली, "मंग? मी काय आंधळी हाये?"

एका वर्षी भादव्यात ग्रामसभा भरली. नवरात्रात देवीला येणारे लोक वाढले होते. सरपंचांच्या मनात बन स्वच्छ करायचं, बाकडी टाकायची असं होतं. गवतात जनावर, म्हणजे साप, निघतं, म्हणून आधी तणनाशक फवारायचं ठरत होतं.

मावशी उठली. "जनावराला घर हाये ते. तुमच्या घरी येऊन राहिलं का ते?"

लोक हसले. सरपंच माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमी सायन्सच्या. तुमीच सांगा, तण हाये का न्हाई ते?"

सगळे मान वळवून माझ्याकडे बघत होते. मी नवीन, परगावची, शाळेत माझी नेमणूक अजून पक्की झालेली नाही. मी म्हणाले, "तसं पाहिलं तर... नको तिथं उगवलेल्या वनस्पतीला तण म्हणतात."

"झालं तर मंग," सरपंच म्हणाले.

मावशीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

फवारणीचं काम तिच्याच मुलाकडे आलं. तो हळदीच्या आणि कापसाच्या रानात पाठीवर पंप घेऊन फवारायला जायचा, गावात त्याच्याइतका सरावाचा माणूस नव्हता. मावशी बाळापूरच्या बाजाराला गेलेला दिवस त्यानं निवडला. दुपारी ती परतली, तोवर ओढ्याकडचं अर्धं बन फवारून झालं होतं. मी शाळेतून धावतच गेले. बनात तो उग्र वास भरला होता. मावशी उरलेल्या गवतात, मुलाच्या समोर मांडी घालून बसली होती.

"मार," ती म्हणत होती. "आधी माझ्यावर मार. मंग गवतावर."

"माय, उठ. लोकं पाहून राहिलेत."

"पाहू दे. तू काहून लाजतो? म्या तर नाही लाजून राहिले."

सरपंच आले, समजावलं, ओरडले. ती हलली नाही. ऊन कलल्यावर मुलगा वळला आणि पंप घेऊन घरी गेला. मावशी तीन दिवस तिथंच बसून राहिली. भाकरी मी नेऊन द्यायचे. पहिल्या दिवशी तिनं ती घेतली नाही. दुसऱ्या दिवशी घेतली आणि म्हणाली, "शिकलेल्या मानसाला बोलायची लई तकलीफ होते, न्हाई?"

मी मान खाली घातली. "व्हय, मावशी."

अर्धं बन वाचलं. घरात मात्र दोन चुली झाल्या. एकाच छपराखाली मुलगा आपली भाकरी भाजायचा, ती आपली. दोघं म्हशीशी बोलायची, एकमेकांशी नाही.

पुढच्या पावसाळ्यात फवारलेल्या बाजूला काय झालं ते सगळ्या गावानं पाहिलं. झाडांवरून गळणाऱ्या टपोऱ्या थेंबांनी उघड्या मातीत खड्डे पाडले. माती ओढ्यात गेली. करंजाची मुळं म्हाताऱ्याच्या हाताच्या शिरांसारखी वर आली. कडेला, जिथं ऊन पडत होतं तिथं, गाजरगवत घुसलं. सरपंचांना वाटेत गाठून मावशी म्हणाली, "घ्या तुमचं स्वच्छ."

नुसतं बोलून ती थांबली नाही. त्या गवताच्या बियांना चिकट केस असतात. आश्विन-कार्तिकात बनातून चालून आलं की साडीचा काठ बियांनी भरून जातो. मावशीनं जुनी पोती ओली केली, त्यांना दोरी बांधली आणि पिकल्या गवतातून ती ओढत नेली. बियांनी भरलेली पोती फवारलेल्या बाजूला नेऊन ती विळ्याच्या पाठीनं खरवडायची. बी वाहून जाऊ नये म्हणून वर पालापाचोळा, त्यावर काट्याकुट्या. झाडून काढायला आलेल्या पुजाऱ्यांचा खराटा तिनं काढून घेतला आणि परत दिलाच नाही. रविवारी मी दुसरं पोतं ओढायचे. त्या कामात ती माझ्याशी पुन्हा नीट बोलू लागली, म्हणजे ओरडू लागली.

पहिलं वर्ष फुकट गेलं. जे उगवलं ते एका मोठ्या पावसात धुऊन गेलं. मी म्हणाले, "मावशी, एकदा गेलेलं परत येणं अवघड असतं."

"अवघड हाये म्हनूनच तर म्या करून राहिले. सोपं असतं तर सरपंचानंच केलं असतं."

दुसऱ्या वर्षी मुळांच्या खोबणीत, पाचोळ्याच्या आडोशाला हिरवे ठिपके दिसले. महिला दिनाला पंचायतीनं तिचा सत्कार ठरवला. ती गेली, पण शाल अंगावर घालू दिली नाही. माईक ओढून म्हणाली, "शाल ऱ्हाऊ द्या. बाकड्याचा ठराव काढून टाका आधी." ठराव निघाला नाही, पण बाकडीही आली नाहीत.

पुढच्या हिवाळ्यात तिच्या छातीत कफ भरला. नांदेडच्या दवाखान्यात चार दिवस काढून ती भांडून घरी आली. मुलगा उशाशी वाटीत भाकरी कुसकरून दूध घालून बसला होता. तिनं तोंड फिरवलं.

"पंप कुठंय?" तिनं विचारलं.

"इकला."

"कधी?"

"दोन वर्सं झाली. तुला सांगनार कसा? तू बोलून कुठं राहिली होती."

तिनं तोंड त्याच्याकडे वळवलं. मग म्हणाली, "बराबर. आन इकडं ती वाटी."

माघात ती गेली.

यंदा भादव्यात तालुक्याहून एक साहेब बनाची पाहणी करायला आले. मी आणि मावशीचा मुलगा सोबत होतो. फवारलेली बाजू आता ओळखू येत नव्हती. घोट्यापर्यंत गवत, मुळं झाकलेली, पाऊल पडेल तिथून फुलपाखरं उठत होती. साहेब खूश झाले. फाईल उघडून म्हणाले, "छान लागवड आहे. कोणत्या योजनेतून केली?"

"योजना न्हाई, साहेब. मायनं लावलं."

"त्यांना बोलवा ना. दोन शब्द बोलू."

"ती गेली."

साहेबांनी फाईल मिटली. मग उगाच काहीतरी विचारायचं म्हणून त्यांनी विचारलं, "मग आता इथं काही काम काढायचं झालं तर कुणाला विचारायचं?"

तो कधी मोठ्यानं बोलणारा नव्हता. तेव्हाही बोलला नाही.

"मला विचारायचं," तो म्हणाला. "आन् म्या न्हाई म्हननार हाये."